एका डब्याला एक बाई

२ सप्टेंबर, सोमवार

आजपासून रोजनिशी. मोठ्या माणसांना असते. मलाही आजपासून कारण मिळालं आहे.

सकाळी दहाला मॅनेजरसाहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. वाटलं, शिडीवरून पडलेल्या इलेक्ट्रिशियनचं प्रकरण निघालं. पण नाही. कारखान्यात महिला सुरक्षा कक्ष उघडायचा आहे आणि त्याचा प्रमुख मी. मीच का, असं नम्रपणे विचारलं. साहेब म्हणाले, तुमच्या दारावरच्या पाटीवर 'सुरक्षा' आधीच आहे, नवी पाटी करायला नको. साहेबांना चेष्टा करायची सवय आहे. खरं कारण माझा अनुभव.

बावीस वर्षं या पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्यात मी सुरक्षा अधिकारी आहे. एवढ्या वर्षांत कटिंग मशीनखाली फक्त तीन बोटं गेली. तिन्ही एकाच माणसाची आणि एकाच दिवशी, म्हणजे अपघात एकच धरायचा. शिवाय मी पहिल्यापासून स्त्रियांच्या बाजूचा. घरात दोन आहेत, तरीसुद्धा.

घरी बातमी दिली. बायको पोस्टात काउंटरवर असते. दिवसभर लोकांचं ऐकून घेते, त्यामुळे घरी आल्यावर माझं ऐकत नाही. ती म्हणाली, तिथल्या बायकांना कोणी विचारलं का? मी म्हटलं, कशाबद्दल? म्हणाली, काही नाही, कांदा चिरा. कन्या, वय एकोणीस, कॉलेजचं दुसरं वर्ष, कानात कायम त्या बिनवायरच्या गोळ्या. अभिनंदन बाबा, म्हणाली. तेही एक गोळी काढून, हे विशेष.

संकल्प: रोज एक स्लोगन. रोज अर्धा तास चालणे. घरात आवाज न चढवणे.

५ सप्टेंबर, गुरुवार

चालणे: उद्यापासून. स्लोगन: सावध तीच सुरक्षित.

पहिल्यांदा स्टोअरला ऐकवलं. स्टोअर म्हणजे आमचा स्टोअरकीपर. कारखान्यात सगळ्यांना खात्याच्या नावाने हाक मारतात. तो स्टोअर, मी सेफ्टी. वीस वर्षांची दोस्ती. दर रविवारी अकराला आमच्याकडे बुद्धिबळाला येतो. कन्येला लहानपणी खांद्यावर घेऊन फिरवलंय त्याने. अत्यंत सज्जन माणूस. बायकांशी बोलताना कधी त्यांच्या तोंडाकडे बघत नाही, इतका संकोची. स्लोगन ऐकून म्हणाला, वा, जबाबदारी बरोब्बर जिथे हवी तिथे टाकलीस.

तक्रारीचा फॉर्म पण आजच उरकला. नव्याने कशाला बनवायचा? अपघात चौकशीचा एकवीस प्रश्नांचा फॉर्म बावीस वर्षं उत्तम चालतोय. त्यातला 'कामगार' खोडून 'महिला' केलं आणि 'यंत्र' खोडून 'पुरुष'. दहा मिनिटांचं काम. नंतर वाचून बघितला. प्रश्न पाच: पुरुष चालू असताना आपण त्याच्या किती जवळ गेला होतात? चालेल. प्रश्न नऊ: पुरुषावर धोक्याची सूचना लावलेली होती का? हाही चालेल. प्रश्न अकरा: पुरुषाला शेवटचं तेलपाणी कधी केलं होतं? हा काढून टाकला आणि त्या जागी 'आपला पोशाख' टाकला. प्रश्न एकवीसच राहिले.

८ सप्टेंबर, रविवार

दोन डाव, दोन्ही हरलो. लक्ष नव्हतं. कारण कन्या. बरोबर अकराच्या ठोक्याला मैत्रिणीकडे निघून गेली. जाताना स्टोअरकाकांना साधं 'बसा' म्हणाली नाही. चहा मला करावा लागला. रविवारी हिला नेमकं अकरालाच काम निघतं, हे माझ्या आता लक्षात आलंय. मोबाइलचा परिणाम.

स्टोअर मोठ्या मनाचा. म्हणाला, अरे, मुली मोठ्या झाल्या की लाजतात. मग कुठला क्लास लावलाय, किती वाजता सुटतो, येते कशी, सगळं आस्थेने विचारलं. मला त्यातलं निम्मं माहीत नव्हतं. बाप मी, आणि चौकशी तो करतो.

११ सप्टेंबर, बुधवार

पेस्टिंग खात्यात ट्रेनिंग घेतलं. पेस्टिंगमध्ये सगळ्या बायका, चौसष्ट. खोक्यांच्या कडांना खळ लावून चिकटवणे हे त्यांचं काम. हात कोपरापर्यंत चिकट, त्यामुळे टाळ्या पडल्या नसाव्यात.

मी सोपं करून सांगितलं. म्हटलं, मशीनला अक्कल नसते. त्याच्यात हात घातला तर ते कापणार. तेव्हा हात आपण सांभाळायचा. यावर पेस्टिंगची मुकादमबाई उठली. पन्नाशीची, आवाज खणखणीत. म्हणाली, म्हणजे पुरुषाला अक्कल नसते असं धरून चालायचं का साहेब? मी म्हटलं, तसं नाही. ती म्हणाली, मग आम्हाला कशाला शिकवताय, त्यांना शिकवा. पुरुषांचं ट्रेनिंग कधी आहे? मी म्हटलं, बाई, पुरुषांना धोका नाहीये. ती म्हणाली, तेच म्हणतेय मी. चौसष्ट बायका हसल्या. विनोद मला नीटसा कळला नाही, पण वातावरण खेळीमेळीचं होतं हे महत्त्वाचं.

प्रत्येकीला एक शिट्टी वाटली. संकट आलं की वाजवायची. आता उपक्रम खऱ्या अर्थाने सुरू झाला असं समजायला हरकत नाही.

१६ सप्टेंबर, सोमवार

गेटजवळ आमचा 'अपघातमुक्त दिवस' असा बोर्ड आहेच. त्याच्या शेजारी नवा लावला: तक्रारमुक्त दिवस, ५. पाच दिवसांत एकही तक्रार नाही. आकडे बोलतात. साहेबांनी पाठ थोपटली.

फॉर्म भरायला अवघड असावा असं साहेबांचं मत. म्हणाले, कुणीही उठून भरेल असं नको. म्हणून दोन साक्षीदार आणि खातेप्रमुखाची सही कंपलसरी केली.

नोटिसबोर्डावर माझं पोस्टर लावायला जागा नव्हती. हेड ऑफिसच्या कसल्याशा समितीचं बारीक अक्षरातलं पत्रक होतं, फोन नंबर वगैरे, कोणी वाचत नाही. त्यावरच पोस्टर चिकटवून घेतलं. पेस्टिंगच्या बायकांनीच आनंदाने चिकटवून दिलं. पोस्टरवर माझा फोटो आहे, हाताची घडी घातलेला. जरा गंभीर आलाय.

चालणे: बूट घ्यायला हवेत.

२० सप्टेंबर, शुक्रवार

शिट्ट्यांचा अतिरेक. स्टोअर मालाची मोजदाद करायला पेस्टिंगमध्ये पाऊल टाकतो आणि शिट्टी वाजते. मग दुसरी. मग सगळीकडून. तो बाहेर पडला की बंद. मला वाटतं बायका सराव करतात आणि योगायोगाने तो तिथे असतो. बिचाऱ्याचं डोकं दुखायला लागलं. आवाज मोजायचं मशीन घेऊन गेलो. ब्याण्णव डेसिबल निघाला. कानाच्या दृष्टीने हे चूक आहे. शिट्ट्या परत गोळा केल्या. त्रेसष्ट आल्या. मुकादमबाई म्हणाली, माझी हरवली. म्हणताना माझ्या डोळ्यांत डोळे घालून बघत होती.

एक निरीक्षण: स्त्रियांना साधन द्या, त्या त्याचं खेळणं करतात. हे कुठे बोलायचं नाही. मी त्यांच्या बाजूचा आहे.

२३ सप्टेंबर, सोमवार

तक्रारमुक्त दिवस, १२.

आज कामाच्या पद्धतीत एक मोठा दोष सापडला. पेस्टिंगची खळ संपली की स्टोअरमधून डबा आणावा लागतो. डबा बारा किलोचा, एक बाई सहज उचलते. पण जातात किती? तीन. कधी चार. एक डबा उचलते, बाकीच्या दोघी नुसत्या दारात उभ्या. म्हणजे दर खेपेला दोन बायका रिकाम्या. स्टोअरनेच हे माझ्या नजरेला आणून दिलं. म्हणाला, गर्दी होते रे, मला काम सुचत नाही, एकेकटी आली तर नीट देता येतं.

लगेच नियम केला. एका डब्याला एक बाई. मोठ्या अक्षरात लिहून पेस्टिंगच्या दारावर लावला. सूचना त्याची असली तरी शब्द माझे. लय चांगली साधली आहे.

दुपारी मुकादमबाई केबिनमध्ये आली. म्हणाली, साहेब, तुम्ही कधी स्टोअरमध्ये गेलाय? मी म्हटलं, रोज जातो, तो चहा पाजतो. ती म्हणाली, तुम्हाला पाजणारच. मग फॉर्म मागितला. मी आनंदाने दिला, पहिलाच फॉर्म जात होता. ती उभ्याउभ्या वाचत गेली आणि सातव्या प्रश्नाशी थांबली. त्या वेळी आपण तिथे का होता? मला म्हणाली, कामावर होते, एवढं लिहिलं तर चालेल? मी म्हटलं, जरा सविस्तर लिहा. तिने फॉर्म टेबलावर ठेवला, घडी न पाडता, आणि गेली. जाताना 'चोर सोडून संन्याशाला फाशी' असं काहीतरी पुटपुटली. संन्यासी कोण ते कळलं नाही. उद्या बोर्डावर १३ होणार.

२५ सप्टेंबर, बुधवार

पेस्टिंगमधल्या दोन नव्या मुली काम सोडून गेल्या. कारण: घरगुती. या पिढीत चिकाटी नाही.

मुकादमबाई आता सगळे डबे स्वतः आणते. दिवसाला नऊ खेपा, या वयात. वर ॲप्रनच्या खिशात लोखंडी फूटपट्टी खोचून जाते, चांगली दीड फुटी. खात्याचं हत्यार खात्याबाहेर नेणे नियमात बसत नाही. मेमो दिला. तिने सही केली आणि फूटपट्टी घेऊनच परत गेली. नाकापेक्षा मोती जड झालाय.

२९ सप्टेंबर, रविवार

सुरक्षेची सुरुवात घरापासून. हे नुसतं म्हणण्यात अर्थ नाही.

कन्या दर गुरुवारी संध्याकाळी ड्रॉइंगच्या क्लासला जाते. साडेसातला सुटतो. बसस्टॉपवरचा दिवा महिनाभर बंद आहे, हे मला आज कळलं, तेही स्टोअरकडून. तो त्याच बाजूला राहतो. पटावरून मान वर न करता म्हणाला, मी गाडीने सोडत जाईन की, आपलीच मुलगी. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. त्या नादात वजीर गेला.

कन्या परत आल्यावर सांगितलं. ती म्हणाली, नको. आम्ही तिघी बसने येतो, बरं चाललंय. मी कारण विचारलं. म्हणाली, नको, एवढंच. मी म्हटलं, नको हे कारण होत नाही. बायको म्हणाली, तिला नको तर नको. आता दोन विरुद्ध एक झालं, पण सुरक्षा हा मतदानाचा विषय नाही. उद्या काही झालं तर लोक काय म्हणतील? अंधारात पोरीला बसने सोडलं, बाप काय झोपला होता? आवाज थोडा चढला. कन्या म्हणाली, ठीक आहे बाबा. शेवटी समजूतदार आहे.

३ ऑक्टोबर, गुरुवार

तक्रारमुक्त दिवस, २२.

रात्री ८.४०. कन्या घरी आली. चालत. चांगलं चार किलोमीटर अंतर आहे. गाडीतून सिग्नलला उतरले म्हणाली. का, तर काही नाही. हात धुवायला गेली ती नळ किती वेळ चालूच. मी बाहेरून ओरडलो, पाणी वाया जातंय.

८.५५. स्टोअरला फोन केला. तो म्हणाला, अरे, तिला चालायचा मूड आला, मुलींचे मूड. मलाही तसंच वाटलं. मी महिनाभर चालायचं म्हणतोय, ही चाललीसुद्धा.

९.३०. बायको कन्येच्या खोलीत गेलीय ती अजून बाहेर नाही. आतून कडी. मी जेवण वाढून घेतलं. वरण गार होतं.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

घरात कोणी बोलत नाही. मी काही केलेलं नाही. मुद्दाम लिहून ठेवतोय.

६ ऑक्टोबर, रविवार

दुपारी १२.१५.

अकराला मी पट मांडला. बेल वाजली. मी उठायच्या आत बायकोने दार उघडलं. आत यायला वाट दिली नाही. पोस्टात काउंटरवर असते त्याच आवाजात बोलली, ना चढा ना उतरता. म्हणाली, तुम्ही परत या दारात दिसलात तर या जिन्यावरच्या आठही दारांची बेल वाजवून मी सांगेन तुम्ही काय केलंत ते. स्टोअरने आत माझ्याकडे बघितलं. माझ्या हातात घोडा होता. मग तो जिना उतरून गेला.

मी म्हटलं, अगं, वीस वर्षांचा मित्र, हा काय प्रकार? तेव्हा तिने सांगितलं.

गाडीत त्याने मांडीवर हात ठेवला. कन्येने काढला. त्याने परत ठेवला आणि म्हणाला, लहानपणी तर मांडीवरच बसायचीस. सिग्नल लागला तशी ती दार उघडून उतरली. आणि हे पहिल्यांदाचं नाही. ती सोळाची असल्यापासून चहाचा कप घेताना बोटं, जाता येता पाठीवर हात, रविवारी. म्हणून रविवारी अकराला मैत्रीण.

मी म्हटलं, मग इतकी वर्षं मला का नाही सांगितलं? बायको म्हणाली, सांगितलं होतं. सोळाची असताना तुम्हालाच सांगितलं. मलासुद्धा नाही, तुम्हाला. काका कसेतरी बघतात म्हणाली. तुम्ही पेपर वाचत होतात. तू जरा ढगळ कपडे घालत जा म्हणालात, आणि हसलात.

मला आठवत नाही. देवाशपथ आठवत नाही. पण वाक्य माझं आहे, हे ओळखू आलं.

कन्या तिच्या खोलीच्या दारात उभी होती. मी तिच्याकडे वळलो. खूप काही बोलायचं होतं. तोंडातून निघालं, पण तू पुढच्या सीटवर कशाला बसलीस?

दुपारी ४. कोणी जेवलं नाही. मी खूप विचार केला. मन थाऱ्यावर नसलं की पद्धतीला चिकटून राहावं, हे मी बावीस वर्षं कामगारांना सांगत आलोय. बॅगेत फॉर्म होता. कन्येसमोर बसलो. म्हटलं, आपण हे रीतसर करू, मी विचारतो, तू सांग. तिने फॉर्म माझ्या हातातून घेतला, पेनही घेतलं आणि स्वतःच भरत गेली. चेहऱ्यावर काही नाही. आपला पोशाख: जीन्स, राखाडी शर्ट, पूर्ण बाह्या. पुरुष चालू असताना किती जवळ: सीटबेल्ट लावला होता. त्या वेळी आपण तिथे का होता: पाठवलं होतं.

प्रश्न एकोणीस: कोणती काळजी घेतली असती तर हा प्रकार टळला असता? इथे तीन ओळी मोकळ्या ठेवलेल्या असतात. तिने एकच लिहिली. बाबांचं ऐकायला नको होतं.

पेनला टोपण लावून परत दिलं आणि ती आत गेली.

७ ऑक्टोबर, सोमवार

ठरवून गेलो होतो. स्टोअरची हाडं खिळखिळी करायची. बस मिळाली नाही तर रिक्षाने जायचं, पण आजच करायची.

तो रॅकपाशी डबे लावत होता. मला बघून म्हणाला, ये सेफ्टी, गैरसमज झालाय वहिनींचा. त्याने चहा ओतला. म्हणाला, मी काय तिला बोलवायला गेलो होतो का, तूच पाठवलीस ना? चहा अर्धा प्यालो. हे कोणाला सांगणार नाही, पण इथे लिहिलं पाहिजे. हातात कप होता आणि सवयीने प्यालो. मग कप ठेवला आणि बाहेर आलो. हाडं तशीच राहिली.

तिथून सरळ साहेबांकडे. म्हटलं, तक्रार करायचीय. साहेब म्हणाले, साक्षीदार दोन? मी म्हटलं, गाडीत दोघंच होते. साहेब म्हणाले, खातेप्रमुखाची सही? मी म्हटलं, ती कॉलेजात शिकते. साहेब म्हणाले, मग ही तक्रार आपल्याकडे बसतच नाही. आणि नियम तर तुमचेच. वर म्हणाले, शुक्रवारी हेड ऑफिसची माणसं येतायत, बोर्डावर तीस दिसले तर बरं दिसेल. मग जवळ येऊन समजुतीच्या आवाजात म्हणाले, एका हाताने टाळी वाजत नाही हो.

हे वाक्य मी माझ्या भाषणात वापरतो. ऐकायला इतकं घाण आहे, माहीत नव्हतं.

९ ऑक्टोबर, बुधवार

पेस्टिंगच्या दारावरचा नियम मी स्वतः खरवडून काढला. नखं दुखतायत. चांगली घट्ट खळ लावली होती त्याला.

मुकादमबाईला म्हटलं, नियम रद्द. मला स्टोअरचं कळलंय. ती म्हणाली, कसं कळलं? मी सांगितलं. सगळं नाही, गाडीपर्यंतचं. ती मला बोलेल, चारचौघींत पाणउतारा करेल, याची तयारी ठेवून गेलो होतो. ती खाली ठेवलेल्या गठ्ठ्यावर बसली. ही बाई बसलेली मी पहिल्यांदा पाहिली. म्हणाली, पोरगी कशी आहे?

रविवारपासून मी सीट विचारली, शर्ट विचारला, साक्षीदार शोधले. हा प्रश्न माझ्या डोक्यात आला नव्हता. लाज वाटली. साधी, चांगलीच लाज वाटली.

मग ती म्हणाली, आम्ही अकराजणींनी हेड ऑफिसच्या समितीला पत्र दिलंय. तुमचा तो नियम लागला त्याच दिवशी. त्या गेलेल्या दोन पोरींच्याही सह्या आहेत त्यात. मी म्हटलं, समितीचा नंबर कुठून मिळाला? म्हणाली, तुमच्या पोस्टरखालून. आम्हीच चिकटवलेलं ना, त्याला पातळ खळ लावली होती. वरून धरलं की उचलतं.

मी म्हटलं, बाई, मला का नाही सांगितलंत? एवढा फॉर्म काढला होता मी. ती म्हणाली, साहेब, तुमच्या फॉर्मात सगळं आहे, पण ज्याने केलं त्याचं नाव लिहायला जागाच नाही.

केबिनमध्ये येऊन फॉर्म वाचला. पुढून, मागून. मशीनला कोण नाव विचारतं, म्हणून मूळ फॉर्मात तो रकाना नव्हताच. मी एक शब्द खोडून दुसरा लिहिला आणि पुढे गेलो. एकवीस प्रश्न, सगळे तिला. त्याला एकही नाही.

बोर्डावरचा आकडा काढायला गेलो. हुकला हात पुरेना. मुकादमबाईने फूटपट्टीने खाली पाडला.

१४ ऑक्टोबर, सोमवार

महिला सुरक्षा कक्ष बरखास्त. साहेबांनी तोंडी सांगितलं, लिहून काही नाही. वाईट वाटून घेणार होतो, पण वेळ नव्हता. समितीची सुनावणी शुक्रवारी आहे. कन्येने स्वतःचं पत्र लिहिलंय, तीही साक्ष द्यायला जाणार. मला बायकोकडून कळलं, बायकोला मुकादमबाईकडून. बुधवारी मुकादमबाईने माझ्याकडून घरचा नंबर घेतला होता, तेव्हापासून या तिघी रोज फोनवर बोलतात. मी खोलीत आलो की आवाज खाली येतात, आता पहिल्यासारखे बंद होत नाहीत.

मी ठरवलंय, शुक्रवारी खंबीरपणे पाठीशी उभा राहीन. माझा जबाब लिहायला घेतला. सात पानं झाली. त्यातली चार माझ्या अनुभवाबद्दल होती, ती काढली. उरलेल्या तिनातही 'मी' फार येतो.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

रजा घेतली. इस्त्रीचा शर्ट. जबाब दीड पानावर आणला होता.

हेड ऑफिसच्या दुसऱ्या मजल्यावर, दाराबाहेर लांब बाक. अकराजणी आधीच बसल्या होत्या, त्यांनी सरकून कन्येला मध्ये जागा केली. आत बोलावलं तेव्हा कन्या, तिची आई आणि मुकादमबाई उठल्या. मीही उठलो. कन्या म्हणाली, बाबा, तुम्ही नका येऊ. रागाने नाही म्हणाली. मी बसलो. समितीच्या बाई माझा जबाब घेऊन गेल्या. परत आल्या आणि एवढंच विचारलं, गाडीतून पाठवायचं कोणी ठरवलं? मी म्हटलं, मी. त्यांनी लिहून घेतलं. माझं काम संपलं.

पाऊण तासाने तिघी बाहेर आल्या. मुकादमबाई म्हणाली, स्टोअर उद्यापासून गेटच्या आत येणार नाही, पुढचं चौकशी पूर्ण झाल्यावर. मग त्या सगळ्या घोळक्याने जिना उतरल्या. मधेच कशावरून तरी हसल्या. कन्याही हसली. कशाला ते मला कळलं नाही आणि मी विचारलं नाही.

बसमध्ये बायकोला मागे जागा मिळाली. कन्येशेजारची सीट रिकामी होती. बसू का, असं विचारून बसलो. आता विचारायचं असं ठरवलं होतं. तू कशी आहेस, एवढेच तीन शब्द. सबंध आठवडा मनात घोकले होते. एकदा घसा खाकरला. परत खाकरला. कन्येने माझ्याकडे बघितलं, बाबांना वारा लागतोय असं तिला वाटलं, आणि तिने उठून खिडकीची काच लावली.